ताईला माहीत होतं

धाकटीने तीन दिवस धीर गोळा केला आणि सकाळी ताई इस्त्री करत असताना तिला सगळं सांगून टाकलं. जादा तासाला गणिताचे सर वही तपासायला जवळ बोलावतात, पाठीवरून हात फिरवतात, बाजूला सरकलं तर चूक दाखवायच्या निमित्ताने पुन्हा ओढून घेतात.

ताई भडकेल, तडक शाळेत जाऊन सरांना जाब विचारेल, असं तिला वाटलं होतं. ताईने इस्त्रीसुद्धा थांबवली नाही.

"वही टेबलावर ठेवून मागे व्हायचं," ती म्हणाली. "आणि शेवटी एकटीने थांबायचं नाही."

धाकटी तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. ताईही याच सरांकडे शिकली होती, आणि हिचं नाव जादा तासाला तिनेच घातलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"मी काढलीच ना दोन वर्षं? तूही काढशील. उगाच बोभाटा केलास तर लोक आपल्यालाच नावं ठेवतील."

सरांची किळस येतच होती, पण धाकटीला खरा धक्का बसला तो आत्ता. हक्काची म्हणून जिच्याकडे धावायचं, तिनेच हात धरून तिथे नेऊन सोडलं होतं.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आईने सगळं ऐकून गॅस बंद केला.

"ताईला सांगितलंस?"

"सांगितलं, पण तिला आधीच माहीत होतं. तिलाही ते तसंच करायचे."

आई ताई इस्त्री करत होती तिथे आली आणि म्हणाली, "दोघीही चला शाळेत."

ताई जागची हलली नाही. धाकटीनेही तिची वाट बघितली नाही.