दसऱ्याचा दीड तास

मी एक जुनी, बुटकी, विजेवर चालणारी मोटार आहे. मला दोन दरवाजे आहेत, मागे मुलं बसतील एवढी जागा आहे आणि सीटखाली आठ बॅटऱ्या आहेत. मित्रांनो, माझा स्वभाव उतावळा. एका जागी उभं राहणं मला मुळीच सोसत नाही, आणि देवाची करणी बघा, माझं अर्धं आयुष्य प्लग लावून उभं राहण्यात गेलं.

कारखान्यातून मी थेट गिरगावात एका डॉक्टरांकडे आले. तिथे माझं फार कौतुक झालं. धूर नाही, आवाज नाही, म्हणून लोक वाकून वाकून मला बघत. पुढे बॅटऱ्या थकल्या. नवी असताना एका दमात सत्तर किलोमीटर पळणारी मी चाळिसावर आले. मग डॉक्टरांनी मला त्यांच्या नर्सच्या, कालिंदीच्या, हवाली केलं आणि मी लालबागच्या चाळीत राहायला आले.

माझं खाणंपिणं सोपं आहे, पण सावकाश. पंधरा अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर पोट भरायला आठ तास लागतात. त्यातही गंमत अशी, की पहिल्या अडीच तासांत मी तीन चतुर्थांश भरते आणि उरलेल्या पावासाठी साडेपाच तास ताटकळते. कालिंदीचं घर तळमजल्यावर. खिडकीतून वायर बाहेर काढली की माझी पंगत बसे. तिचे वडील रघुनाना गिरणीत माग चालवायचे. "आठ तास म्हणजे एक पाळी झाली," असं म्हणून ते खुर्ची टाकून माझ्याजवळ बसत.

नानांच्या मनात एक सल होता, तो मला प्रवासात ऐकून कळला. गुणाजी त्यांचा शेजारच्या मागावरचा सोबती. संप लांबला, घरात चूल पेटेना, तेव्हा गुणाजी मान खाली घालून गिरणीच्या फाटकातून आत कामाला गेला. त्याच वर्षी दसऱ्याला तो सोनं द्यायला आला, तर नानांनी त्याच्या तोंडावर दार लावलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. कापसाच्या तुसानं गुणाजीची छाती पार निकामी झाली होती, आणि यंदा दसऱ्याच्या दिवशी तीनच्या गाडीनं तो दादरहून कायमचा गावी निघणार होता. नानांनी अँटॉप हिलला त्याच्या घरी निरोप धाडला, की मी न्यायला येतो, माझ्या घरी जेवूनच जा. टॅक्सीच्या धुरानं गुणाजीला खोकल्याची उबळ येई. म्हणून ही कामगिरी माझ्यावर आली.

नवमीच्या दुपारी कालिंदी ड्युटीवरून परतली तेव्हा माझा काटा तळाला टेकला होता. तिनं प्लग लावला आणि ती झोपायला गेली. पाचच मिनिटांत नाना तबक घेऊन आले. त्यांनी मला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि शांतपणे बटण बंद करून प्लग उपसला. पिनेलाही कुंकू लावलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण हॉर्न काही आपण होऊन वाजत नाही.

दसऱ्याच्या सकाळी नऊ वाजता कालिंदीनं चावी फिरवली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, प्लग कोणी काढला?"

"मीच. खंडेनवमीक यंत्राक विसावो देतत. आमच्या खात्यात त्या दिवशी मागाक कोण हात लावी नसा."

"अहो बाबा, हा माग नाही. ही बंद असते तेव्हाच खाते."

नानांचा चेहरा एवढासा झाला. कालिंदीनं घाईघाईनं प्लग लावला. सणाचा दिवस, घरोघरी मिक्सर आणि इस्त्र्या चालू. माझा घोट घशाखाली उतरतो न उतरतो तोच फ्यूज उडाला आणि अख्ख्या चाळीचे पंखे थांबले. वायरमन गावी गेलेला.

"तुम्ही टॅक्सीनं जाऊन सोनं तरी देऊन या," कालिंदी म्हणाली.

"सोन्याचा काय घेऊन बसलंस? माझ्या उंबऱ्यावरून परत गेलो तो. माझ्या उंबऱ्याच्या आत येऊक व्हयो."

आता एकच जागा उरली होती. रस्त्यापलीकडे नानांच्या गिरणीच्या जमिनीवर आता टॉवर उभा होता आणि त्याच्या तळघरात जाड पिनेचं सॉकेट होतं. तिथला वॉचमन गणपत पूर्वी त्याच गिरणीत बदली कामगार होता. कालिंदी सुकाणूवर बसली, नानांनी मला ढकलत रस्ता पार केला. पण फाटकाशी येताच माझ्या पाठीवरचे हात थांबले. फाटक जुनंच होतं, नुसता रंग नवा. संपाच्या दिवसापासून नानांनी त्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं.

"गणपत, तू ढकल रे."

"मला फाटक सोडता येत नाय, नाना. इथं चढ आहे, तुम्हालाच जोर लावावा लागेल. सोसायटीच्या सेक्रेटरीला मी सांगतो काय ते."

घड्याळ पुढे पळत होतं. मी मनातल्या मनात चाकं आपटत होते. नानांचे तळवे पुन्हा माझ्या पाठीवर टेकले, आणि मला असा धक्का बसला की मी चढ ओलांडून थेट उतारावर गेले. नाना माझ्यामागे आत आले होते.

दीड तास मी घटाघटा वीज प्याले. नाना एका जागी बसले नाहीत. ते खांबाखांबांमधून फिरत होते आणि पावलांनी अंतर मोजत होते. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "हयसर. त्याचे दोन माग, माझे दोन." काटा अर्ध्यावर आल्यावर कालिंदी म्हणाली, "पोट भरलं नाही, पण चालेल. बसा."

अँटॉप हिलला इमारतीच्या पायरीवर गुणाजी गाठोडं घेऊन बसला होता. आम्ही पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. नानांनी आपट्याची पानं पुढे केली.

"उशीर केलंस," गुणाजी धापा टाकत म्हणाला.

"फाटकातून आत जावन इलंय, गुण्या. आज पहिल्यांदा."

गुणाजीनं मान वर केली. "पाय थरथरले?"

"थरथरले."

"माझे रोज थरथरत," गुणाजी म्हणाला आणि त्यानं पानं घेतली.

मग नानांनी माझा दरवाजा उघडला. गुणाजीला आधार देऊन बसवताना ते रडत होते, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. लालबागला गुणाजी चार घासच जेवला, पण उंबऱ्याच्या आत बसून जेवला. तीनची गाडी त्याला मिळाली. त्यानंतर दोघांची भेट झाली नाही.

मित्रांनो, आता माझ्यावर ताडपत्री आहे आणि बॅटऱ्या कोरड्या पडल्या आहेत. तुमच्या घरी माझी एखादी नवी बहीण असेल, तर तिच्या पोटापाण्याकडे लक्ष द्या. तिला रिकामी ठेवू नका, रिकामी राहून बॅटरी मरते. पण कुणाकडे जायचं राहिलं असेल, तर काटा पूर्ण भरायची वाट बघू नका. अर्ध्यावर निघा.