माझा आवाज शिवाला सोसला नाही

“गुरुजी, घंटा जरा हळू वाजवली, तर शाळा बुडंल का हो?”

सगळा वर्ग वळून बघू लागला. मागच्या रांगेतल्या मुलींनी काशीला डिवचले होते, “हाय का हिंमत? इचारून दाखव!” आणि सातवीतल्या काशीने उभे राहून खरोखरच विचारले! गुरुजी हसले. म्हणाले, “अगं काशे, लोखंडाला हळू बोलता येत नाही.”

मित्रांनो, ते लोखंड म्हणजे मीच. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. भट्टीत लालबुंद होऊन माझा जन्म झाला. पुष्कळ वर्षे माझ्या पाठीवरून आगगाड्या धडधडत गेल्या. पुढे मी वाकलो, म्हणून मला कापून भंगारात टाकले. तेथून कुणीतरी मला होडीत घालून खाडीच्या या काठाला, घणसोलीला आणले. नवी शाळा निघाली होती, पण घंटेला पैसे नव्हते. मग चिंचेच्या फांदीला मला टांगले आणि लोखंडी कांबीने टोला हाणला. ठण्ण! अहाहा, काय तो आवाज! मिठागरावरची माणसे माझ्या ठोक्यावर भाकर सोडत. “घंटा असावी तर अशी,” असे जो तो म्हणे. मी अगदी फुशारून गेलो होतो.

मग शिवा पहिलीत आला. काशीचा धाकटा भाऊ. पहिल्याच दिवशी मी वाजलो आणि ते पोर कान दाबून खाली कोसळले. डोळे घट्ट मिटलेले, अंग थरथरणारे. मुलांना वाटले, सोंग आहे. दुसऱ्या दिवशी तो घरी पळाला. मग मुलांना खेळच मिळाला. शिवा जवळून जाऊ लागला की मुले मुद्दाम माझ्यावर दगड मारत आणि ओरडत, “पलाला रे पलाला, ससा पलाला!” दगड मला लागे, पण लागायचे त्याला. मला तोंड आहे, पण ते मिटता येत नाही. याहून वाईट जिणे कोणते?

शिवाला फोडणीचा चुरचुराट सोसत नसे. हळदीच्या मांडवातला ढोल सोसत नसे. भगताने अंगारा लावला, गंडा बांधला. काही उपयोग झाला नाही. मग त्याचे वडील गोटीराम एके सकाळी त्याला घेऊन माझ्याखाली उभे राहिले.

“बैल नाय का ढोलाला बुजत? चार वेला जवल नेला का सरावतो,” ते म्हणाले. “मारा गुरुजी टोला. मी धरतो याला.”

त्यांनी शिवाचे दोन्ही हात मागे धरले, कान झाकता येऊ नयेत म्हणून. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, मित्रांनो. बापाला पोर शिकायला हवे होते. गुरुजींनी टोला मारला, मग आणखी एक. शिवा रडलासुद्धा नाही. त्याची चड्डी ओली झाली आणि ओठातून रक्त आले. त्या दिवसापासून त्याने बोलणेच टाकले. माझ्या अंगात तो ठोका अजून थरथरतो आहे.

काशी मात्र हरणारी नव्हती. त्या वर्षी रस्त्याकडे कारखाने येऊ लागले होते आणि टेकडीवर दगडखाण निघाली होती. सुरुंग उडायचा तेव्हा सारे गाव दचके, आणि शिवा? तो ओट्यावर शांत बसलेला! काशी बघत राहिली. सुरुंगाआधी खाणीवर लाल निशाण चढे. ते दिसले की शिवा स्वतःच कानांवर हात ठेवी, सुरुंग उडाला की काढी. धावत येऊन तिने मैत्रिणींना सांगितले, “अगं, तो आवाजाला नाय घाबरत! आवाज न सांगता येतो ना, त्याला घाबरतो!”

तिने आईच्या जुन्या लुगड्याचा लाल तुकडा काठीला बांधला. गुरुजींनी मोठ्या मनाने परवानगी दिली. आधी काशी निशाण हलवी, मग टोला पडे. शिवा कान झाकून, ओठ आवळून, पण उभा राही. एकदा तर वाजून झाल्यावर त्याने मला बोट लावून पाहिले. बस, तेवढाच काय तो माझा सुखाचा काळ.

मग तपासणीला साहेब आले. “शाळेत लाल निशाण कशाला? ही काय खाण आहे?” त्यांनी विचारले. गुरुजी ओशाळले. त्यांनी काठी काढून टाकली आणि साहेबांना शिस्त दाखवायला टोला जोरात हाणला. शिवाची नजर निशाणाच्या जागेवरच होती. तो जो पळाला तो थेट खाडीकडे. लोकांना सापडला तेव्हा कमरेपर्यंत चिखलात रुतला होता आणि भरतीचे पाणी चढत होते. वाचला. पण त्यानंतर त्याने घराचा उंबरा ओलांडला नाही.

पुढे त्याचे काय झाले, ते मला ठाऊक नाही. शाळेला पितळी घंटा मिळाली आणि मला फांदीवरून उतरवले. आता मी कुंपणाशी गंजत पडलो आहे. कुणी मला वाजवत नाही, आणि त्याचेच मला बरे वाटते. मित्रांनो, एखाद्याला आवाज सोसत नसेल तर त्याला हसू नका. वाजवण्याआधी त्याला सांगा. आणि त्याचे हात, त्याचे हात कधीही धरू नका.

उतरवण्याआधी मी जे शेवटचे ऐकले, तेवढे सांगतो. शिवा शाळेत येत नाही म्हणून त्याचे नाव पटावरून कमी करणार, असे गुरुजींनी कळवले होते. शाळेतून निघालेले त्याचे आईबाप माझ्याखाली थांबले.

“मिठागरावर नेतो त्याला कामाला,” गोटीराम म्हणाले. “तिथं कोन वाजवतंय घंटा?”

“सात वरसांचं पोर हाय वो,” त्याची आई जमुना पदर तोंडाला लावून म्हणाली. “मिठानं पाय फुटतील त्याचे.”

तेवढ्यात काशी वर्गातून बाहेर आली. तिच्या बगलेत तिचे दप्तर होते.

“शिवा मिठागरावर जाईल बाबा, पन कामाला नाय. मी त्याला घेऊन बांधावर बसनार. तिथं घंटा माशीवानी बारीक ऐकू येते. तेवढी सोसली का थोडं पुढं येऊ, मंग आनखी थोडं. इथवर यायला वरीस लागू दे, नायतर दोन.”

“आनि तुजी सातवीची परीक्षा?” गोटीरामांचा आवाज चढला.

“ती मी या साली नाय देनार. गुरुजींना सांगून आले, आता तुमाला सांगते.”