माझ्यावर कोणी जेवलेच नाही

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. चांगले आठ माणसांचे. आणि माझ्यावर आजवर कोणी जेवलेले नाही. हसू नका, आधी ऐका.

ज्या सुताराने मला घडवले तो मोठा हट्टी. रंधा मारून झाला की डोळे मिटून माझ्यावरून तळवा फिरवायचा आणि जरा कुठे खरखरीत लागले की पुन्हा रंधा. मला दुकानात पाठवताना तो म्हणाला, "भरल्या घरी जा." ते मी फार मनावर घेतले.

मी आले ते तीन माणसांच्या घरी. आई, बाबा आणि शाळेत जाणारी त्यांची मुलगी. घर दोन खोल्यांचे, मला आत घेताना दार बिजागऱ्यांतून काढावे लागले. एवढे टेबल कशाला, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नुकतेच तसे आले होते. ते जिन्यातून चढताना साऱ्या इमारतीने पाहिले होते. बाबा छापखान्यात कामाला, एरवी माणूस शहाणा. पण त्या दिवशी "आपण काय कमी आहोत का?" एवढे म्हणाले आणि थोड्याच दिवसांत मी दारात हजर.

आता गंमत पाहा. मला डाग पडेल म्हणून सगळे पूर्वीसारखेच स्वयंपाकघरात खाली बसून जेवायचे. माझ्यावर जाड प्लास्टिक, त्यावर चादर, त्यावर कागदी फुलांची परडी. पाहुणे आले की चादर निघायची. चहा मात्र त्यांच्या हातातच दिला जायचा, कारण कपाचा गोल डाग उठतो. माझे कौतुक ऐकून मीही सुरुवातीला फुगून गेले होते.

पण आई घरी शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत जमिनीवर कापड पसरून ती बेतायची. ती जागा आता मी अडवली होती. मग कधी पलंगावर, कधी ओट्यापाशी, घड्या घालत ती कसेबसे कापायची आणि माप चुकले की स्वतःवरच चिडायची.

एक दिवस मुलीच्या शाळेने रंगमंचाचा पडदा शिवायला दिला. एवढे मोठे काम आईला पहिल्यांदाच मिळत होते. मखमलीचा गठ्ठा आला आणि दाराशीच राहिला, कारण पसरायचा कुठे?

"टेबलावर घे ना," मुलगी म्हणाली.

"नको नको," बाबा म्हणाले. "कात्रीचा ओरखडा पडला तर चारचौघांना काय दाखवायचं?"

"मग शाळेत नाही म्हणून कळवते," आई म्हणाली आणि मुकाट्याने गठ्ठा बांधू लागली. मित्रांनो, पाय चार असून मला बाजूला सरकता येईना. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात वरच्या काकू उसवलेली उशीची खोळ घेऊन आल्या. चादरीचे टोक उचलून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "किती नवंकोरं ठेवलंयस गं. जेवता तरी का यावर?"

आई इतकी खचली होती की तिला खोटे सुचलेच नाही. "नाही हो काकू. आम्ही आपले खालीच बसतो."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "अगं, आम्हीसुद्धा. दिरांकडे आलं म्हणून आम्ही घेतलं. आता त्यावर वाळलेल्या कपड्यांचा ढीग असतो. मला वाटायचं, तुम्ही तरी थाटात जेवत असाल."

आधी आईला हसू फुटले, मग काकूंना. बाबा थोडे ओशाळले, पण मग तेही मनापासून हसले. त्यांनी स्वतः परडी उचलली, चादर ओढली, प्लास्टिक सोलले आणि म्हणाले, "घे, पसर तुझा पडदा."

मखमल माझ्यावर ऐसपैस पसरली. कापताना आईची कात्री निसटली आणि माझ्या कडेला लांब ओरखडा उठला. बाबांनी त्यावरून बोट फिरवले. "असू दे," ते म्हणाले, "आता कसं कामाचं वाटतंय." मला किती हलके वाटले म्हणून सांगू.

पडदा वेळेवर शाळेत गेला. तेव्हापासून आई माझ्यावरच बेतते, मुलगी कोपऱ्यात अभ्यास करते आणि बाबा चहाचा कप खुशाल माझ्यावर टेकवतात. सुतार म्हणाला होता तसे माझे घर आता भरले आहे.

मित्रांनो, आणलेली वस्तू झाकून ठेवू नका, ती वापरा. आणि शेजारी आहे म्हणून एखादी वस्तू आणावीशी वाटली, तर शेजाऱ्यांकडे जरूर डोकवा. फक्त दारातून परतू नका. आत स्वयंपाकघरापर्यंत जा आणि ते कुठे बसून जेवतात ते पाहून या.