आपल्याकडची गाडी

महाडच्या गॅरेजात महिपत मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचं कार्पेट कोपऱ्यातून उचकटलं आणि टॉर्च अंकिताच्या हातात दिला.

"हितं धरा, बाई," तो म्हणाला आणि पत्र्याच्या खोबणीत त्याने दोन बोटं घातली.

अंकिताने घड्याळ पाहिलं. सासऱ्यांचं, येसाजींचं, डायलिसिस संपायला अजून दीड तास होता. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी त्यांना कापडे गावाहून महाडला आणायचं आणि परत न्यायचं, त्यासाठीच ही गाडी घेतली होती. नवरा रितेश मुंबईला नोकरीत. महिन्यातून दोन दिवस घरी. जाताना एसटी चालली असती, पण चार तास रक्त यंत्रातून फिरून आलेल्या माणसाला परतताना स्टँडवर उभं करता येत नव्हतं. आणि ही गाडी महिन्यात दुसऱ्यांदा बंद पडली होती. पहिल्या वेळी घरी परतताना, पोलादपूरच्या अलीकडे. येसाजी पाऊण तास मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते, आणि अंकिता त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसली होती. मोजून काही होणार नव्हतं. दुसरं करण्यासारखंही काही नव्हतं.

गाडी तिनेच निवडली होती. पोलादपूरच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. ओळखीच्या ओळखीतून आलेल्या गाडीपेक्षा तपासलेल्या गाडीवर तिचा विश्वास जास्त. जुन्या गाड्या विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीने गाडीसोबत दोनशे मुद्द्यांचं प्रमाणपत्र दिलं होतं, प्रत्येक मुद्द्यापुढे हिरवी खूण. तिने दोनशेच्या दोनशे ओळी वाचल्या. एकशे सदतिसावी ओळ होती : गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली नाही. खाली हमीही होती. तसं आढळल्यास कंपनी गाडी परत घेईल.

कंपनीच्या शोरूममध्ये रांगेत तिच्या पसंतीला उतरलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. एकीचा नंबर पुण्याचा, दुसरीचा एमएच शून्य सहा, रायगडचा. येसाजींनी दुसरीच्या बॉनेटवर हात ठेवला.

"हीच घेऊ गो. आपल्याकडची हाय."

तिलाही ते बरं वाटलं होतं. आपल्याकडची गाडी आपल्याकडे कशाकशातून गेली असेल, हा प्रश्न तिथे, त्या चकचकीत फरशीवर, तिला पडलाच नाही.

"तुमचं सर्टिफिकेट लय सुंदर हाय, बाई," महिपत खाली वाकूनच म्हणाला. त्याची मुलगी तिच्याच वर्गात होती, म्हणून त्याला एवढं बोलायचा हक्क होता. "फ्रेम करून लावा. गाडी नाय चालली तरी भिंतीला शोभंल."

त्याने वायरींचा एक जुडगा बाहेर ओढला. वरचं आवरण सोललं तेव्हा आतलं तांबं हिरवं झालेलं दिसलं. हा हिरवा रंग ती दर वर्षी फळ्यावर समीकरण लिहून समजावत असे. पाणी, हवा आणि वेळ. सीटखालचे स्क्रूही गंजून फुगले होते. मग महिपतचा हात थांबला. खोबणीतून त्याने चिमूटभर काहीतरी काढलं आणि टॉर्चच्या उजेडात तळहातावर पसरलं.

भाताचा तूस होता तो.

"महाडच्या पुरातली हाय," तो म्हणाला. "मीच भरला असंल हा. त्या आठवड्यात पाच-पन्नास गाड्या सुकवल्या आम्ही. चिखल धुवायचा, तूस वतायचा, दोन दिवसांनी काढायचा. सगळा कुठं निघतो."

"नंबर आठवतो कुठला?"

"बाई, तेव्हा स्वतःचं दुकान वळखू येत नव्हतं. मग विमावाले आले, ट्रकवर चढवून घेऊन गेले गाड्या. आम्हाला वाटलं भंगारात गेल्या."

त्या तुसात एक पान होतं. वाळून करडं झालेलं, पाच बोटांचं, दोन बोटं तुटलेली. अंकिताने ते नखाने उचललं. निरगुडीचं होतं. मग तिने पर्समधून कागद काढला, त्यात पान ठेवून चार घड्या घातल्या आणि महिपतला सांगितलं की उरलेला तूस जिथे आहे तिथेच राहू दे, कार्पेट तसंच वर घाल.

येसाजींना घेऊन ती घरी निघाली तेव्हा महिपतने जोडलेल्या वायरींवर गाडी चालत होती. कापडे गाव जवळ आल्यावर तिने घडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद उलगडला, पान नाकाशी नेलं. वास राहिला असणं शक्य नव्हतं.

"गोदूचं हाय," ते म्हणाले.

पूर ओसरून रस्ता मोकळा झाला तेव्हा महाडच्या गॅरेजवाल्यांनी तुसासाठी गावोगाव निरोप धाडले होते. येसाजींनी टेम्पोत अकरा पोती तूस भरून दिला होता. किडा लागू नये म्हणून त्यांची बायको गोदूबाई तुसात निरगुडी घालत. गावात बाकीचे काही घालत नसत; ही त्यांची माहेरची सवय, आणि जावा त्यावरून त्यांना हसत. गोदूबाईंना जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होणार होती.

"कुणाची असंल गो ही गाडी तेव्हा?" येसाजींनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

त्यांनी पान पुन्हा घडीत ठेवलं. कागद मात्र परत दिला नाही.

पुढचे दहा दिवस अंकिता फोनवर होती. कंपनीकडून दर वेळी वेगळा आवाज बोलायचा आणि दर वेळी तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. तिने फोटो पाठवले, ओळ क्रमांक एकशे सदतीस अधोरेखित करून पाठवली. तिला एवढंच हवं होतं की त्यांनी ही गाडी परत घ्यावी आणि धड चालणारी दुसरी द्यावी. शेवटी रविवारी सकाळी त्यांचा तपासनीस आला. साहिल नावाचा तरुण, पुण्याहून पहाटे निघालेला, नम्र. अंगणात बूट काढून उभा राहिला, तेव्हा तिला आशा वाटली.

त्याने कार्पेट उचललं, वायरींचे फोटो घेतले. वायरी बाहेरच्या गॅरेजमध्ये उघडल्या गेल्या आहेत, त्यामुळे त्या पुरावा धरता येणार नाहीत, असं त्याने दिलगिरीच्या सुरात सांगितलं. गंज कोकणात सगळ्याच गाड्यांना लागतो.

"मग हा तूस?" अंकिता म्हणाली. "पुराच्या वेळी गाड्या सुकवायला हाच वापरला होता. तो आत कसा आला, ते तुम्ही सांगा."

साहिलने खोबणीतला तूस चिमटीत घेतला. मग त्याने मान वर केली. पडवीत गिरणीवरून आणलेली तुसाची चार पोती भिंतीला टेकून उभी होती. एकाचं तोंड उघडं होतं आणि त्यातून निरगुडीची डहाळी डोकावत होती. गोदूबाई गेल्यानंतर ती येसाजी घालत.

"काका," त्याने हळूच विचारलं, "हा तुमच्याकडचाच का?"

येसाजी ओट्यावरून उठले. भिंत धरत गाडीपर्यंत आले. साहिलच्या चिमटीतला तूस त्यांनी आपल्या तळहातावर घेतला आणि अंगठ्याने चोळला.

"आमचाच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा असंल?"

अंकिताने गाडीच्या दाराची कड घट्ट धरली. मग तिने सांगायला सुरुवात केली : टेम्पो, अकरा पोती, महिपत, पान. साहिलने एकदाही मधे तोडलं नाही.

"तुमचं खरं असेल, मॅडम," तो शेवटी म्हणाला. "पण फॉर्ममध्ये मला दोनच पर्याय आहेत. बाहेरचा पदार्थ ग्राहकाकडचा आहे किंवा नाही."

त्याने टॅब्लेट तिच्यापुढे धरला. एकच वाक्य होतं : गाडीत आढळलेला तूस ग्राहकाच्या घरचा आहे, असे कुटुंबातील ज्येष्ठ सदस्याने सांगितले. अंकिताने ते तीनदा वाचलं. त्यात चुकीचा एकही शब्द तिला सापडला नाही. तिने बोटाने सही केली.

साहिल चहा पिऊन निघून गेला; कंपनी आता गाडी परत घेणार नव्हती. तिने कार्पेट ताणून खाली दाबायला घेतलं. येसाजी सुपात तूस घेऊन आले होते, पोत्यातला ताजा. शर्टाच्या खिशातून कागदाची घडी डोकावत होती.

"थांब गो," ते म्हणाले. "वल धरते ती गाडी."

तिने कार्पेट पुन्हा उचललं. त्यांनी सूप तिरकं केलं. तूस सरसरत खोबणीत उतरला, आणि ती तळहाताने तो सगळीकडे सारखा करत राहिली.

"मंगळवारी किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"तासभर लवकर निघू, बाबा."