चिचगडले मलेच काऊन नेलं

"जूठा कर दिया न तूने! अब इसको कौन लेगा, बोल!"

मुन्नालाल दुकानवाला असा ओरडला का काउंटरवरचे खोके हालले. समोर बिरसीची प्रेमिला उभी होती. नववीतली, शाळेच्या ड्रेसवरच आलेली. तिनं मले तोंडात घालून ओठानं माहं टोक काढलं होतं.

"त मंग पाण्यात बुडवू द्या ना," ती म्हणे. "गोंद लावून कडक केलेला ब्रश पाहून काय समजते? सगळेच टोकदार दिसतेत."

"दुकान है कि पनघट? यहाँ पानी नहीं मिलता!"

"म्हणूनच त थुंकी लावली."

मागचे गिऱ्हाईक खदखदा हसले. मुन्नालालनं मले कागदात गुंडाळून तिच्या हातावर आपटलं. मित्रांनो, असा मी घरी गेलो. वाजतगाजत नाही, भांडत. १९९९ साल होतं.

मी पाण्याच्या रंगाचा ब्रश आहो. आठ नंबर, गोल. केस खारीच्या शेपटीचे, गळ्यात पितळेची टोपी, खाली लाल दांडी. कोणत्या खारीचे केस, ते मले माहीत नाही. कोणी विचारलं त रागच येते. तुम्हाले तरी तुमच्या पणजोबाच्या बापाचं नाव ठाऊक आहे का? कारखान्यात एका बाईनं ते केस ठोकून ठोकून सारखे केले, दोरा बांधला अन् टोपीतून ओढले, इतकंच आठवते.

प्रेमिलानं मले लय फिरवलं. धानाच्या बांधीत बसून ती बगळे काढे. शाळेची सहल नवेगाव बांधाले गेली तवा तिनं तलाव काढला, अन् त्याले पाणीही तलावाचंच वापरलं. ड्रॉइंगच्या सरानं मले हातात घेऊन पोराइले सांगितलं, "याचं टोक पाहा." चित्राबद्दल ते काहीच नाही बोलले. मले लय बरं वाटलं. तिले नाही.

मंग फ्लेक्स आले. पाटीवर हातानं रंगवणं बंद, काही लिहाचं असन त कॉम्पुटरवर. प्रेमिला मोठी झाली अन् गोंदियाले फ्लेक्सच्या दुकानात कामाले लागली. मले बाकी ब्रशाइसोबत चहापत्तीच्या डब्यात कोंबलं. चार नंबरले कसर लागली, त्याचे केस पार खाल्ले. बारा नंबर त आधीच गिलासात डोक्यावर उभा राहून राहून वाकडा झाला होता. त्याचं थोबाड पाहून मले हसू ये. मंग भेव वाटे. कित्येक वर्षं कोणी त्या डब्याचं झाकण उघडलं नाही.

मंग एक दिवस चिचगडचा योगराज तिच्या दुकानात आला. त्याची माय दुर्पताबाई वारली होती. तेरवी जवळ आली, अन् घरात तिचा एकही फोटो नाही. होतं फक्त मतदानाचं कार्ड. त्यावरचा नखाएवढा फोटो मोठा केला त स्क्रीनवर निरे काळे चौकोन.

"हे माही माय होय का चुलीवरचा तवा होय?" योगराज म्हणे.

"मी हातानं काढून देतो," प्रेमिला म्हणे. "पण घरच्याइले विचारून काढा लागन. तुमच्या गावालेच येतो."

घरी येऊन तिनं डबा उघडला. बसनं जाचं, पर्समध्ये एकच ब्रश मावे. तिनं सगळ्याइले पाण्यात बुडवून एकेक झटका देला. प्रवासाचा ब्रश असा पाहिजे का त्यानं पोटात पाणी धरावं अन् टोकाले बारीक राहावं. म्हणजे एकटाच कपाळ रंगवन अन् पापणीही काढन. चार नंबरचे उरलेसुरले केस पाण्यातच गेले. बारा नंबर झाडणीसारखा फाकला. माहं टोक आपोआप जुळलं.

मी फुगलो, तेवढ्यात तिनं करवतीचं पातं आणलं अन् माही दांडी अर्ध्यातून कापली. मित्रांनो, तुमचे पाय कोणी घुटण्यातून कापले त तुम्ही आरती कराल का? मी मनात लय शिव्या देल्या. मंग तिनं रिकाम्या मार्करची नळी घेतली, बुडाले हवेपुरतं छिद्र पाडलं, मले त्यात ठेवलं अन् झाकण लावलं. बसमध्ये लोकं तिच्या पर्सवर रेलून उभे होते, तरी माह्या एका केसाले धक्का लागला नाही. राग तवा उतरला. थोडा.

चिचगडले दुर्पताबाईचा नवरा उदेभान अंगणात खाटेवर बसून होता. तिची लहान बहीण भागीरथा बाजूले. तोंडाची तिखट. प्रेमिलाजवळ जाड कागद एकच होता. भागीरथाचं नाक बहिणीसारखंच, म्हणून ते पाहून काढलं. कपाळ, डोळे, पदराचे हिरवे काठ, सगळं जुळत गेलं. नातू म्हणे, "आजी आली!"

प्रेमिलानं विचारलं, "गोंदण होतं का?"

"होतं ना, गालावर तीन ठिपके," भागीरथा म्हणे. "डाव्या गालावर."

"उजव्या," उदेभान खाटेवरून बोलला.

"डाव्या, भाऊजी."

"उजव्या म्हणतो ना! बायको माही होती का तुही?"

"बायको तुमचीच. पण पाह्यलं कधी तिच्या तोंडाकडे? जलमभर बैलाइकडे पाह्यलं. बैलाचं विचार वो पोरी, शिंगावरचा डागही सांगतीन हे."

बाया हसल्या. योगराजही हसला. उदेभान नाही हसला. त्याचं तोंड एवढंसं झालं. कार्डावर पाहावं त दोन्ही गाल काळेच. गोंदणाचा हिरवा-निळा रंग माह्या टोकात भरून होता अन् मी हवेत लटकून. हा रंग एकदा कागदात मुरला का निघत नाही. डाव्या गालावर ठेवला त म्हातारा जलमभर बायकोकडे न पाह्यलेला ठरे. उजव्यावर ठेवला त दुसऱ्याच बाईचं तोंड भिंतीवर लागे.

उदेभान उठला. घरात गेला, चुलीपाशी आपल्या जागेवर मांडी घालून बसला. प्रेमिला मले धरूनच मागं गेली.

"भागीरथा, ये. तिच्या जागेवर बस."

भागीरथा त्याच्या समोर बसली.

"अशी बसे ती. भात वाढे. अन् मी..." त्यानं उजवा हात सरळ पुढं केला. बोट भागीरथाच्या गालापासून थोडं दूर थांबलं. "इथं होतं. उजव्या बाजूले. रोज पाह्यलं मी."

बोटासमोर भागीरथाचा डावा गाल होता.

"भाऊजी," ती म्हणे, "हा डावाच गाल होय. तुमच्या उजव्या हाताकडचा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाहात होते म्हणजे तुम्ही. मंग सांगाचं नाही का तिले? माह्याजवळ रडे ती, का हा माणूस मान वर करून पाहात नाही."

"ती वाढाले वाकली का पाहो," उदेभान म्हणे. "ती वर पाहे, तवा मी ताटात पाहो."

मी तीन ठिपके ठेवले, डाव्या गालावर.

आता चित्र सुकून राहिलं आहे अन् उदेभान त्याच्या समोर बसला आहे. जेवाले बोलावलं त उठत नाही. मित्रांनो, ब्रशाले पाण्यात डोक्यावर उभा ठेवू नका. धुवा, टोक करा, आडवा ठेवा. आम्ही बोलत नाही म्हणून आम्हाले काही लागत नाही, असं समजू नका. अन् घरच्या माणसाकडे पाहत असान, त त्याले दिसन असं पाहा, चोरून कायले...

थांबा. भागीरथा प्रेमिलासमोर येऊन बसली. "माहंही काढ वो पोरी, जित्ती आहो तवाच. अन् दोन्ही गाल दिसले पाहिजे, सांगून ठेवतो." कागद नाही त योगराज कॅलेंडर फाडून राहिला आहे, त्याची पाठ कोरी आहे. मले पाण्यात बुडवलं. जा लागते आता.