दुसऱ्या नंबरची सवय

पहिल्या नंबरसाठी मलप्पाचं नाव पुकारलं आणि गडी सरळ जाऊन दुसऱ्या नंबरच्या पायरीवर उभा राहिला. सगळं मैदान हसलं. साहेबांनी हाताला धरून त्याला वर चढवलं, तेव्हा चुकीच्या एसटीत बसल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

कचेरीत त्याचं टेबल माझ्या शेजारीच. म्हणून सांगतो, दोष त्याचा नव्हता. उस्मानाबादला कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धेत अकरा वर्षं चारशे मीटरला नरसिंग पहिला आणि मलप्पा दुसरा. दोघंही कारकून, एकाच खोलीत राहणारे. नरसिंगला एकदा तरी मागं टाकायचं, एवढ्यासाठी हा बाबा चाळिशी ओलांडल्यावरही पहाटे उठून पळायचा. मग लातूर वेगळा जिल्हा झाला. मलप्पा उदगीरचा, तो इकडं आला. नरसिंग कळंबचा, तो तिकडंच राहिला.

नव्या जिल्ह्याच्या या पहिल्या स्पर्धेत मलप्पाच्या तोडीचा कुणी नव्हताच. दुष्काळामुळं मैदानावर मारायलाही पाणी नव्हतं. बाकीचे धुळीत खोकत मागं राहिले. मी पेढे मागत होतो, तर हा घड्याळवाल्या मास्तरांना वेळ विचारत होता. गेल्या वर्षीपेक्षा सहा सेकंद जास्त लागले होते.

"म्होरं त्याची पाठ न्हाई, मग पळायचं कुणाच्या मागं?" तो मला म्हणाला. "तू हसायलास, पण मी लई हळू पळालो."

मला खरंच वाईट वाटलं. त्याच दिवशी त्यानं नरसिंगला कार्ड टाकलं: माझी वेळ ही अशी, तुझी कळव, म्हणजे कोण पुढं ते ठरेल. मग आठ दिवस पोस्टमन दिसला की याची मान वर.

उत्तर आलं. नरसिंगनं लिहिलं होतं, 'मलप्पा, औंदा मी नावच दिलं नाही. मागं तुझे पाय वाजत नाहीत तर पळावंसं वाटत नाही.'

मलप्पानं ते दोनदा वाचलं. जेवणाचा डबा न उघडताच त्यानं शनिवारच्या रजेचा अर्ज लिहिला आणि कारणाच्या रकान्यात 'शर्यत' असं लिहून साहेबांपुढं ठेवला. स्पर्धा तर झाल्या, आता कुठली शर्यत, असं साहेबांनी विचारलं.

"उस्मानाबादला, साहेब," मलप्पा म्हणाला. "दोघांचीच हाय."

साहेबांनी पेन काढलं. मग त्यांनी 'शर्यत' खोडून तिथं 'घरगुती काम' लिहिलं आणि खाली सही केली.