आनेकलला गेलेला डबा

डबा पोचल्याचा मेसेज येऊन दोन दिवस झाले होते, आणि नागपूरहून सौम्या फोनवर सांगत होती की तिच्याकडे काहीच आलेलं नाही. नातीची ही पहिली दिवाळी. डब्यात करंज्या होत्या, चकल्या होत्या, डिंकाचे लाडू होते, आणि सगळ्यात वर कावेरीने स्वतः शिवलेलं पिवळं झबलं.

"नाहीच आला, तर ज्याच्याकडे गेला त्याची दिवाळी गोड," कावेरी लेकीला म्हणाली.

तिचा स्वभावच तसा. एका वर्षी सौम्याचं दिवाळीचं शुभेच्छापत्र संक्रांतीला पोचलं, तर या बाईने त्या संध्याकाळी पुन्हा दारात पणत्या लावल्या होत्या. शेजारणीने विचारलं तेव्हा म्हणाली, पोस्टाची दिवाळी आज आहे.

पण बेंगळुरूत, घराजवळच्या यशवंतपूरच्या कुरिअरवाल्याने कॉम्प्युटरवरचा पत्ता वाचून दाखवला आणि तिचं हसू मावळलं. तिचा नंबर टाकल्यावर मागच्या वेळचा पत्ता आपोआप आला होता, आणि सणाच्या गर्दीत त्याने तोच डब्यावर चिकटवला होता. वसुमती, आनेकल.

वसुमती तिची धाकटी जाऊ. दीर गेल्यापासून एकटीच राहायची. पुढे कावेरीचा नवरा जयतीर्थ अंथरुणाला खिळला, तेव्हा ती एकदाही बघायला फिरकली नाही. तो गेल्यावर मात्र तिच्याकडून साडी आली. कावेरीने ती न उघडता याच दुकानातून परत धाडली. तेव्हापासून दोघींत एक शब्द नव्हता.

कुरिअरवाल्याने माफी मागितली. माणूस पाठवून डबा परत आणतो म्हणाला. ऐन दिवाळीत कुणी परका एकट्या बाईच्या दारातून फराळ उचलून नेणार, हे काही कावेरीला पटेना. मीच जाते, म्हणाली, आणि बस पकडून आनेकल गाठलं.

वसुमतीने दार उघडलं. केस पार पांढरे झालेले, चालताना एक हात भिंतीला. आत देवापुढच्या वाटीत करंज्या होत्या. मुरड बघूनच कावेरीने आपल्या ओळखल्या.

पाण्याचा तांब्या पुढे ठेवत वसुमतीने विचारलं, "अक्का, चुकून आला का हो डबा? मी फोडला तो. नैवेद्यही दाखवला."

हो म्हणायलाच तर कावेरी एवढ्या लांब आली होती. पण ते तोंडातून निघेना.

"चूक कसली? पाठवायला स्वल्प उशीर झाला, एवढंच."

वसुमती आत गेली, आणि घडी घातलेलं झबलं घेऊन बाहेर आली.

"सगळं घेतलं," ती म्हणाली. "हे तेवढं मला बसत नाही."

कावेरीला हसू फुटलं. वसुमतीही हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मग कुणी न विचारताच ती बोलू लागली. दोघे भाऊ हुबेहूब एकसारखे दिसायचे. "ह्यांना तसं झोपलेलं एकदा बघितलं होतं, अक्का. भावोजींना बघायला यायची छाती झाली नाही."

कावेरीने झबल्याची घडी उगीचच मोडली, पुन्हा घातली. या बाईवरचा राग काय म्हणून आपण इतके दिवस धरून बसलो, ते तिला आता नीट आठवेनासं झालं. तिने सौम्याला फोन लावला आणि तो वसुमतीच्या हातात दिला. बाळाचं नाव काय ठेवलं, इथपासून काकूला सगळंच नवीन होतं.

संध्याकाळी कावेरी नको म्हणत असतानाही वसुमती तिला सोडायला बसस्टँडपर्यंत आली. तिच्या गुडघ्यांसाठी कावेरी सावकाश चालली. बाकावर बसून दोघी सासूबाईंच्या चकल्यांबद्दल बोलत राहिल्या. त्या कधी मोडत कशा नसत, याचं दोघींनाही अजून कोडं होतं.

बस आली. कंडक्टरने बेंगळुरू, बेंगळुरू म्हणून हाका दिल्या, थोडा थांबला, आणि घंटी वाजवली. बस वळून रस्त्याला लागली, तरी बाकावर वसुमती बोलतच होती आणि कावेरी शेजारी बसून ऐकत होती.